'व्हर्सस' ऐकवण्याची तयारी: प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

१ जून, रविवार

ओळखीच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा आम्ही जमतो आणि एक अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकतो. ऑगस्टची पाळी माझी आहे. मिशन ऑफ बर्मा या बोस्टनच्या बँडचा 'व्हर्सस' निवडला. ऑक्टोबर १९८२मध्ये एस ऑफ हार्ट्स या तिथल्याच छोट्या कंपनीने काढलेला. निर्माता रिक हार्टे. बारा गाणी, चाळीसेक मिनिटं.

हा अल्बम नुसता लावून दिला, तर पहिल्यांदा ऐकणारा माणूस तिसऱ्या गाण्यापर्यंत चहाला उठेल, हे मला ठाऊक आहे. त्यात चाली आहेत, चांगल्या घोळवता येतील अशा चाली आहेत, पण त्या गोंगाटाच्या पोटात आहेत. म्हणून आधी अर्धा तास प्रात्यक्षिक करायचं. एक म्हणजे विद्युत गिटारच्या गोंगाटातून वरचे सूर कसे निघतात ते समोर वाजवून दाखवायचं. दुसरं म्हणजे या बँडचा चौथा माणूस, मार्टिन स्वोप, टेपवर काय करायचा ते खऱ्या स्पूल मशीनवर, म्हणजे मोठ्या चकत्यांवरून टेप फिरवणाऱ्या जुन्या रेकॉर्डरवर, करून दाखवायचं. संगणकावर हे पाच मिनिटांत होईल, पण मग त्यातली मेहनत कुणाला दिसणार नाही.

तिसरी गोष्ट अट म्हणून आत्ताच लिहून ठेवतो: हॉलमधली पातळी सरासरी ८५ डेसिबलच्या वर न्यायची नाही. हा बँड १९८३मध्ये फुटला तो गिटारवादक रॉजर मिलरच्या कानांपायी. कानात सतत वाजणारी शिट्टी, टिनिटस, इतकी वाढली होती की थांबण्यावाचून इलाज राहिला नाही. ज्या संगीताने वाजवणाऱ्याचे कान घेतले, ते मी लोकांना त्यांचे कान शाबूत ठेवून ऐकवणार.

७ जून, शनिवार

पहिली बाजू शांतपणे ऐकली, हेडफोनवर आवाज कमी ठेवून.

'सीक्रेट्स'ने सुरुवात होते. ड्रमचा ठेका धावत सुटतो, गिटार आणि बास एकमेकांना रेटत राहतात, आणि शब्द यायला बराच वेळ लागतो. गायक येईल या आशेवर बसलेल्याला तोवर ठेक्यातले बारकावे ऐकू यायला लागतात. ड्रमवरचा पीटर प्रेस्कॉट नुसती लय धरून बसत नाही. दर थोड्या वेळाने तो मात्रांची मांडणी हलवतो, आणि समेवर आल्यावर बाकीचे दोघे बरोबर तिथेच सापडतात. हे तिघे खूप तालीम करून आलेत, हे पहिल्याच गाण्यात कळतं.

बासवर क्लिंट कॉनली. चाल पुष्कळदा बासच सांभाळतो, हे लोकांना आधीच सांगायला हवं. गिटारकडे कान लावून बसलं तर चाल सापडत नाही. बास धरला की सापडते. चाल बासने उचलली म्हणून मिलरची गिटार मोकळी होते. मग तो तिच्यातून करवत, भोंगा, घंटा काय हवं ते काढतो.

'ट्रेम टू' संथ आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाज ठरावीक वेगाने कमीजास्त करणारं उपकरण. गाण्याचं नावही त्यावरूनच. गिटार अशी लाटांनी येत राहते आणि खाली बास तेच ते शांतपणे म्हणत राहतो. प्रात्यक्षिकानंतर सगळ्यात आधी हेच लावावं का, असा विचार आला होता. सोडून दिला. अल्बमचा क्रम मोडायचा नाही.

१० जून, मंगळवार

प्रास्ताविकासाठी टिपणं. फार लांबवायचं नाही, पाच मिनिटं पुरे.

मिलर आणि कॉनली आधी मूव्हिंग पार्ट्स नावाच्या बँडमध्ये एकत्र होते. १९७९च्या सुरुवातीला प्रेस्कॉट येऊन मिळाला आणि १ एप्रिलला बोस्टनच्या मॉडर्न थिएटरमध्ये पहिला कार्यक्रम झाला. नाव कुठून आलं हे कुणीतरी विचारणारच, कारण आपल्याकडे बर्मा म्हटलं की मंडाले आणि टिळक आठवतात. तसा काही संबंध नाही. न्यूयॉर्कमध्ये बर्माच्या राजनैतिक कार्यालयाची पाटी कॉनलीने पाहिली, ती आवडली, एवढंच.

स्वोप आला तो एका गाण्यामुळे. 'न्यू डिस्को' बसवताना मिलरला वाटलं की इथे टेपचा लूप, म्हणजे टोकं जोडून गोल फिरत राहणारा तुकडा, हवा, आणि त्याने आपल्या जुन्या मित्राला बोलावलं. पुढे एकेका गाण्यात त्याचा हात येत गेला आणि तो बँडचाच झाला. पण मंचावर कधीच नाही. तो प्रेक्षकांच्या मागे मिक्सरपाशी बसायचा. मंचावरून येणारा गिटारचा किंवा गळ्याचा चार-दोन सेकंदांचा तुकडा टेपवर घ्यायचा, त्याचा वेग बदलायचा, उलटा करायचा, आणि तो त्याच गाण्यात परत सोडायचा. समोर तीन माणसं आणि आवाज चौघांचा. हा जास्तीचा आवाज येतोय कुठून, याचा अनेकांना पत्ता नसायचा.

ही कल्पना मला फार मोठी वाटते. मिक्सरवर बसणाऱ्याला आपण 'साउंडवाला' म्हणतो आणि कार्यक्रमात काही बिघडलं तरच त्याच्याकडे मान वळवतो. मी त्याच खुर्चीत बसून पोट भरतो. त्या खुर्चीतला माणूस वादक असू शकतो, हे या बँडने १९८०च्या आसपास करून दाखवलं आणि अल्बमवर त्याचं नाव इतर तिघांच्या बरोबरीने आलं.

१४ जून, शनिवार

स्पूल मशीन मिळालं. मामांनी १९७९मध्ये सौदीहून आणलेलं जपानी मशीन आहे, तीन हेडचं: टेपवरचा आवाज पुसणारं, भरणारं आणि वाचणारं. माळ्यावर गोधडीत गुंडाळून ठेवलेलं होतं. उघडल्यावर रबराचा पट्टा हाताला डांबरासारखा चिकटला. चाळीस वर्षांनी रबराचं असंच होतं. हेड शाबूत आहेत, नखाने चाचपून पाहिलं तर खाच लागत नाही.

मशीन घेऊन पेठेतल्या स्पूलवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी झाकण काढलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "अरे, हे सौदीचं ना? मग आधी कप्पी बघ."

त्यांचं म्हणणं असं. सौदीत वीज ६० हर्ट्झची, आपली ५० हर्ट्झची. या मशीनची मोटर विजेच्या कंपनांशी बांधलेली आहे, त्यामुळे इथे ती सहातला एक भाग हळू फिरते. २३० व्होल्टचं बटण फिरवलं म्हणजे मशीन जळत नाही, पण वेग दुरुस्त होत नाही. त्यासाठी मोटरवरची कप्पी जास्त व्यासाची लावावी लागते. तशा कप्प्या कंपनी मशीनबरोबर देत असे, आणि आमच्या मशीनच्या तळाशी, कागदात गुंडाळून स्क्रूने अडकवलेली, ती मिळाली. मामांनी ती कधी उघडून पाहिलेली दिसत नाही.

पट्टा तपकीर गल्लीत मिळेल म्हणाले. जुना फाटलेला पट्टा फेकू नकोस, दोऱ्याने त्याची लांबी मोज आणि नवा पाच टक्के आखूड घे, म्हणजे ताण राहील.

२१ जून, शनिवार

पालख्या शहरात मुक्कामी. पेठांतले रस्ते बंद. आज काम नाही.

२४ जून, मंगळवार

नवा पट्टा बसवला. हेड, कॅप्स्टन (टेप ओढणारा फिरता दांडा) आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. कापसावर आधी तपकिरी, मग फिकट पिवळं, मग काहीच नाही असं होईपर्यंत. रोलरवर मात्र अल्कोहोल जपून लावायचं, रबर कडक होतं. हेडचं चुंबकत्व काकांच्या डिमॅग्नेटायझरने काढलं. तो उपकरणाजवळ आणायचा, हळूहळू फिरवत लांब न्यायचा आणि हातभर अंतरावर गेल्यावरच बंद करायचा. जवळ असताना बंद केला तर होतं त्यापेक्षा जास्त चुंबकत्व मागे राहतं.

वेगाची परीक्षा: काकांनी त्यांच्या चोख मशीनवर १००० हर्ट्झचा सूर भरून दिला होता. जुन्या कप्पीवर तो ८३३ भरला. म्हणजे सव्वातीन अर्धस्वरांच्या जरा आत उतरलेला. नवी कप्पी लावल्यावर ९९७. एवढा फरक माझ्या कामाला चालतो.

मामांच्या जुन्या टेपांपैकी काही तपासल्या. पुण्याच्या पावसाळ्याने दोन टेपांवर पांढरी बुरशी धरली आहे. त्या मशीनला लावायच्या नाहीत, हेडवरून बाकीच्यांना लागेल. एका टेपचा थर हेडवर उतरतो आणि चिरकतो; सत्तरच्या दशकातल्या काही टेपांचा चिकट थर हवेतली ओल पिऊन असा सुटतो. तीही बाजूला. घरच्या बारशाच्या, मुंजीच्या आवाजाच्या टेपा आहेत, त्या सावकाश वाचवता येतील. लूपसाठी काकांनी कोरी, चांगली टेप दिली.

२८ जून, शनिवार

लूप तयार केला. हे काम नीट लिहून ठेवतो, कारण सत्रात हेच हातांनी दाखवायचं आहे.

मशीनचा वेग सेकंदाला साडेसात इंच, म्हणजे १९ सेंटिमीटर. आपण जो तुकडा घेणार त्याची लय मिनिटाला १५० मात्रांची. एका मात्रेला ०.४ सेकंद, चार मात्रांच्या आवर्तनाला १.६ सेकंद. टेपवर ते साडेतीस सेंटिमीटर भरतं. दोन आवर्तनं घ्यायची तर एकसष्ट सेंटिमीटर. लय इथे फूटपट्टीने मोजता येते, आणि त्याची गंमत प्रत्यक्ष केल्याशिवाय कळत नाही. मात्रा म्हणजे साडेसात सेंटिमीटरच्या वर थोडी, अशी ती बोटांत येते.

कापण्यासाठी ॲल्युमिनियमची खाचेची पट्टी, तिच्यात ४५ अंशांची तिरकी चीर. टेप खाचेत दाबून बसवायची आणि नव्या ब्लेडने एका ओढीत कापायची. सरळ कापली तर जोडावर 'टक' असा आवाज येतो. तिरकी कापली की जोड हेडवरून हळूहळू सरकतो, एक आवाज मावळत असताना दुसरा चढतो. दोन टोकं एकमेकांना भिडवायची, एकावर एक चढवायची नाहीत. मग मागच्या, चकचकीत बाजूने जोडपट्टी लावून नखाने घासायची. घासता घासता पट्टीखालची हवा निघून ती पारदर्शक होते. तशी झाली की जोड पक्का. साधी चिकटपट्टी चालत नाही. तिचा गोंद उन्हाळ्यात बाहेर येतो आणि शेजारचा वेढा धरून ठेवतो.

एकसष्ट सेंटिमीटरचं वेटोळं मशीनवर सैल पडतं. त्याला ताण द्यायला माइकच्या स्टँडला एक गुळगुळीत पेन आडवं बांधलं आणि टेप त्यावरून फिरवली. स्टँड दोन बोटं पुढे-मागे केला की ताण बदलतो आणि सूर किंचित डळमळतो. ही डळमळ मला हवी आहे. अल्बमवर मागे तरंगणारे जे आवाज आहेत, त्यांच्यातही अशीच जिवंत अस्थिरता ऐकू येते.

इरेज हेडसमोर पोस्टकार्डाचा कपटा लावून पाहिला. मग जुना आवाज पुसला जात नाही, नव्याखाली राहतो, आणि प्रत्येक फेरीत थर चढत जातात. पाचेक फेऱ्यांनंतर मूळ गिटार ओळखू येईनाशी होते.

५ जुलै, शनिवार

जॅमरूम. गिटारवाला मित्र, बासवर त्याचा सहकारी, ड्रमवर माझी भाची. आज फक्त पातळ्या मोजल्या.

तिघे नेहमीच्या जोरात वाजवत असताना खोलीच्या मध्यभागी १०३ डेसिबल. व्यावसायिक आरोग्याचा हिशेब असा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन, १००ला पंधरा मिनिटं. १०३ला साडेसात मिनिटं. जॅमरूम दोन तासांसाठी घेतलेली असते. आकडा वहीत लिहून भाचीला दाखवला. ती म्हणाली, "मामा, पथकात तर याहून जास्त असेल."

असतंच. तिची पथकाची तालीम आता नदीकाठी सुरू होईल, शेकडो ढोल आणि ताशे, आणि कानात कापूस. कापसाने काही होत नाही. तिला आणि बाकीच्या दोघांना मऊ फोमचे बोळे दिले आणि ते घालायचे कसे ते दाखवलं. बोटांत पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. नुसते कानाच्या तोंडाशी अडकवले तर निम्माही उपयोग नाही.

आतल्या कानात आवाजाची लाट विजेच्या संदेशात बदलणाऱ्या केसपेशी असतात. प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या मुख्य पेशी साडेतीन हजारांच्या आसपास, आणि गेलेली पेशी माणसात परत येत नाही. मिलर शेवटच्या कार्यक्रमांना कानात बोळे घालून त्यावर नेमबाजीच्या मैदानावर लावतात तसली कानटोपणं चढवून वाजवत होता. अल्बमला लोक नुकते कुठे ओळखू लागले होते. मार्च १९८३मध्ये बोस्टनच्या ब्रॅडफर्ड हॉटेलात निरोपाचे कार्यक्रम झाले आणि संपलं. पुढे तो आणि स्वोप बर्डसाँग्ज ऑफ द मेसोझोइक या त्यांच्या दुसऱ्या बँडमध्ये वाजवत राहिले, तिथे मिलर पियानोवर बसला.

१२ जुलै, शनिवार

आजचा दिवस या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा.

प्रश्न असा होता की ८५ डेसिबलमध्ये गिटारचा फीडबॅक दाखवायचा कसा? फीडबॅकला आवाज लागतो. अँपच्या स्पीकरमधून निघालेली हवेची लाट तारेला पुन्हा हलवते, तार पिकअपला (कंपनं विजेत बदलणाऱ्या चुंबकी भागाला), पिकअप अँपला. हे चक्र स्वतःच्या जोरावर फिरत राहावं इतकी ताकद त्यात हवी. ताकद मोठ्या अँपने मिळते, तशी अंतर कमी करूनही मिळते. म्हणून पाच वॅटचा छोटा अँप टेबलावर ठेवला, पूर्ण खोलला, आणि मित्र गिटार घेऊन त्याच्यापासून वीतभर अंतरावर बसला. मिलर फेंडर लीड वन ही गिटार वाजवायचा, तिला ब्रिजजवळ एकच हंबकर (दोन वेटोळ्यांचा) पिकअप. आमची गिटार साधी, पण पिकअप त्याच जातीचा आणि त्याच जागी.

मित्राने सगळ्यात जाड तार छेडली आणि हात काढून घेतला. आधी खर्जाचा मूळ सूर. मग तो ओसरत असताना त्याच्या आतून एक वरचा सूर वर आला आणि मूळ सुराला बाजूला सारून स्थिरावला. त्याने गिटार दोन इंच डावीकडे वळवली. तो सूर गेला आणि दुसरा आला, पंचमासारखा. थोडी मागे घेतली, गंधार आला. बोट कुठेही दाबलेलं नाही, तार एकच, आणि तो नुसता कुशीवर वळून चाल वाजवत होता.

तंबोऱ्याशी बसलेल्या माणसाला हे नवं नाही. खर्जाची तार नीट जव्हारीवर लागली की तिच्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. तो मूळ सुराचा पाचवा अंश, म्हणजे पाचपट कंपनांचा वरचा सूर. इथेही पाचवा अंशच आहे. फरक एवढा की तंबोऱ्यात जव्हारीचा दोरा त्याला वर आणतो आणि इथे विकृती, म्हणजे अँप पूर्ण खोलल्यावर लाटेचे माथे कापले जाऊन तयार होणारा खरखरीतपणा. हॉलमध्ये येणाऱ्यांपैकी निम्मे लोक सवाई चुकवत नाहीत. त्यांच्यापुढे मी मिलरचं गिटारवादन इथूनच उलगडणार आहे. गोंगाट म्हणून जे ऐकू येतं त्यात हे अंश एकमेकांत मिसळलेले असतात, आणि तो त्यांतून हवा तो निवडत असतो.

दुसरा प्रयोग, विकृतीतला जोडस्वर. २२० आणि ३३० हर्ट्झ, म्हणजे षड्ज-पंचम एकत्र वाजवले की फरकाचा सूर निघतो ११०चा, मूळ षड्जाच्या बरोबर खालचा सप्तक. म्हणून ती जोडी भरदार वाटते. षड्ज-गंधार वाजवले तर गिटारच्या पट्ट्या सुरांच्या समान अंतरांनी बसवलेल्या असल्याने गंधार २७७चा येतो, फरक निघतो ५७चा, आणि जुळायला हवा होता षड्जाच्या दोन सप्तकं खालच्या ५५शी. खाली गुरगुर सुरू होते. बहुतेक रॉक गिटारवादक ही गुरगुर टाळतात. मिलर ती मुद्दाम वापरतो असं माझं ऐकून ऐकून मत झालं आहे. गुरगुर वाढवत नेतो आणि चाल जिथे उघडते तिथे स्वच्छ जोडीवर उतरतो. ध्रुवपद गोड वाटतं याचं निम्मं कारण त्याआधीच्या दहा सेकंदांत असतं.

मीटरवर सबंध वेळ ८४ ते ८८.

१९ जुलै, शनिवार

स्वोपची नक्कल करायला बसलो. मित्र गिटारवर, भाची स्नेअर आणि फ्लोर टॉम या ड्रमसेटमधल्या दोन ड्रमांवर; स्नेअरवर टॉवेल टाकला, हातात काड्यांच्या जुडीच्या स्टिक्स. मी मिक्सर आणि मशीनपाशी, त्यांच्याकडे तोंड करून, पाच मीटर लांब.

मिक्सरच्या जादा वाटेने गिटार मशीनकडे पाठवली, मशीनचं उत्तर वेगळ्या खटक्यावर परत घेतलं. अगदी साधी गोष्ट आधी: रेकॉर्ड चालू ठेवून प्लेबॅक हेड ऐकायचं. दोन हेडांमध्ये चार सेंटिमीटर, म्हणजे ०.२१ सेकंद उशिरा तोच आवाज येतो. ते उत्तर थोडं पुन्हा रेकॉर्डला पाठवलं की पडसादांची माळ तयार होते आणि दर फेरीत तिचा वरचा पोत झिजत जातो. खटका जरासा जास्त सरकला की माळ वाढत वाढत किंचाळते. बोट त्या रेषेवर ठेवून बसायचं.

मग लूप. दोन आवर्तनं पकडली, रेकॉर्ड बंद केलं, वेग निम्मा केला. आवाज एक सप्तक खाली गेला आणि दोन आवर्तनांचा तुकडा चारांवर पसरला. वर मित्र मूळ चाल वाजवतोच आहे. त्याच्याच गिटारची जड, संथ सावली त्याच्या मागून चालत येते. भाचीने एकदम लय बदलली आणि लूपमधली जी मात्रा चुकीच्या जागी पडत होती तिलाच सम मानून वाजवायला लागली. हे आम्ही ठरवलं नव्हतं. टेपवाला वादकांना ऐकतो आणि वादक टेपला ऐकतात, हा या बँडचा गाभा तिने न सांगता पकडला.

उलटा आवाज या मशीनवर सहज निघत नाही. घरगुती मशीनचे ट्रॅक दोन बाजूंत वाटलेले असतात, टेप उलटी लावली की दुसरेच ट्रॅक समोर येतात. तो भाग वगळला.

आज कळलेली मोठी गोष्ट कामाच्या दृष्टीने लिहितो: या खुर्चीत बसून वाजवायचं तर गाणं वादकांइतकंच पाठ हवं. तुकडा पकडायचा क्षण जाऊन गेला की गेला. चार सेकंद आधी माहीत असावं लागतं की काय येणार आहे.

२७ जुलै, रविवार

हॉलमध्ये पूर्ण तालीम. छत पत्र्याचं, वर पाऊस. पावसाचाच आवाज ६० डेसिबल होता, म्हणून हळू भाग ऐकू येईनात. स्पीकर लोकांच्या जवळ आणले, दोन्ही बाजूंनी, कानाच्या उंचीवर. लांबून मोठ्याने वाजवण्यापेक्षा जवळून बेताने वाजवलेलं स्वच्छ ऐकू येतं. खिडक्यांना वाचनालयातल्या जुन्या सतरंज्या लावल्या, झांजांची धार कमी झाली.

अल्बम पूर्ण लावून खुर्च्यांमध्ये फिरून मोजलं: सरासरी ८३, 'सर्टन फेट'ला ८७. बसतंय.

काही गमावलं, हेही नोंदवतो. मोठ्या पातळीला बास छातीत वाजतो आणि शरीर स्वतःहून हलतं. ते ८३ला होत नाही. त्या बदल्यात 'आइन्स्टाइन्स डे'च्या गिटारमधले थर वेगळे वेगळे ऐकू आले. मला हा सौदा मान्य आहे, आणि तसं लोकांना स्पष्ट सांगणार.

३ ऑगस्ट, रविवार

काल सत्र झालं. हॉल भरला होता. पुढच्या दोन रांगांत वाचनालयाचे ज्येष्ठ सभासद, मागे मित्राच्या ओळखीची कॉलेजची मुलं आणि भाचीच्या पथकातले काही जण.

छोट्या अँपमधून गंधार आला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजींनी मान डोलावली आणि शेजारणीला बोट वर करून दाखवलं. मी तोवर तंबोऱ्याचं नावही काढलं नव्हतं. पुढचं स्पष्टीकरण मी निम्मं करून टाकलं.

लूपच्या वेळी दिवे पूर्ण ठेवले, टेप फिरताना सगळ्यांना दिसावी म्हणून. मुलं उठून मशीनभोवती उभी राहिली. एकाने विचारलं की टेपला हात लावला तर? लाव म्हटलं. त्याने पेनावरून जाणारी टेप बोटाने हलकेच दाबली, सूर खाली वाकला आणि सोडल्यावर वर आला. मग सगळ्यांनी पाळीपाळीने केलं.

अल्बमच्या वेळी चहाला दोघेच उठले, आणि तेही बाजू पालटताना. 'ट्रेम टू' संपल्यावर कुणी काही बोललं नाही. शेवटचं 'दॅट्स हाऊ आय एस्केप्ड माय सर्टन फेट' लहान आणि थेट आहे, कॉनलीचं. त्याचं ध्रुवपद जिना उतरताना एक मुलगी गुणगुणत होती.

चर्चेत सगळ्यात जास्त प्रश्न कानांवर आले. मिलरचं पुढे काय झालं? सांगितलं: २००२मध्ये बँड परत उभा राहिला. मिलर पुन्हा कानटोपणं चढवून, ड्रमभोवती पारदर्शक आडोसा उभा करून. स्वोपच्या जागी टेपवर बॉब वेस्टन. २००४ ते २०१२ या काळात त्यांनी चार नवे अल्बम केले आणि ते जुन्यांच्या तोडीचे आहेत. पथकातल्या मुलाने विचारलं की तालमीला बोळे घातले तर समोरच्या ताशाचा बोल कळेल का. फोमने वरचे आवाज जास्त दबतात, त्यामुळे बोल बोथट होतो; खालचे-वरचे सगळे आवाज सारखे दाबणारे वादकांसाठीचे वेगळे बोळे मिळतात. त्यांचे दोन जोड मागवतो आहे, पुढच्या शनिवारी त्यांच्या तालमीला मीटर घेऊन जायचं ठरलं.

पुढची कामं: मशीनच्या डाव्या चॅनलमध्ये खरखर आहे, बहुधा जुना कपॅसिटर, काकांना दाखवायचा. मामांच्या बारशाच्या टेपा डिजिटल करायच्या, बुरशीवाल्या सोडून. आणि 'सिग्नल्स, कॉल्स अँड मार्चेस', १९८१चं त्यांचं छोटं रेकॉर्ड, आजींनी मागितलं आहे. ते त्यांना घरी नेऊन द्यायचं.